तलवारीची मूठ उघडली तेव्हा...

जानेवारीतली रविवारची दुपार. जेवणं आटोपून मी पेपर घेऊन लवंडलो होतो. हॉलमध्ये लेकीचा सराव चालला होता. शिवजयंती महिन्यावर आलेली. आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत यंदा मुलींचं लाठी-काठीचं पथक निघणार होतं आणि आमच्या तेरा वर्षांच्या बाईसाहेबांच्या डोक्यात काठीऐवजी तलवार शिरली होती. भिंतीवरची तलवार तिनं कधी उतरवली, मला कळलंही नाही.

‘बाबा, बघा हं!’ एवढं ऐकू आलं. पाठोपाठ हवा कापल्याचा आवाज आणि मग खळ्ळकन फुटलेली काच.

धावत गेलो. लेक हॉलच्या मधोमध उभी. हातात पितळी मूठ, अगदी घट्ट धरलेली. मुठीला पातं नव्हतं. ते शोकेसची काच फोडून सोफ्याच्या पाठीत रुतलं होतं. दोन मिनिटांपूर्वी तिथे माझी आई बसली होती. चहा टाकायला म्हणून ती उठली, एवढंच आमचं नशीब. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्या पात्याकडे बघत होती. काही बोलली नाही. पण पुढचे दोन दिवस ती त्या सोफ्यावर बसली नाही.

तलवारीला धार नव्हती. ‘शोभेची आहे हो, कशाला घाबरता,’ असं मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो होतो. धार नाही म्हणजे धोका नाही, हा आमच्या घरातला समज त्या दुपारी फुटलेल्या काचेबरोबर केराच्या टोपलीत गेला.

ही तलवार आमच्याकडे आली तीही दुसऱ्या हातानं. शेजारचं कोल्हापूरकडचं कुटुंब पुण्याला जायला निघालं. सामान कमी करताना कपाट कुणी, कुंड्या कुणी, असं वाटप झालं, त्यात ही धोप मी अठराशे रुपयांना घेतली. धोप म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार. मुठीच्या खालच्या वाटीला एक आखूड दांडा असतो, वार जोरात करायचा तर दुसरा हात तिथे लावता येतो. शिवकाळाच्या चित्रांत आणि पुतळ्यांत आपण जी पाहतो, तिची ही आजच्या काळात बनवलेली नक्कल. त्यांच्या भिंतीवर ती दहा वर्षं होती, आमच्या भिंतीवर दोन.

होसकोटे आणि तलवार

बंगळुरूहून कोलारच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर होसकोटे. आजकाल लोक या गावाला ओळखतात ते पहाटे चार वाजता रांगा लावून खाल्ल्या जाणाऱ्या बिर्याणीमुळे, किंवा १९९८ साली इथे सुरू झालेल्या व्होल्वोच्या ट्रक कारखान्यामुळे. पण नावातच किल्ला आहे. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. सुगटूरच्या तम्मेगौडा घराण्यानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. पुढे आदिलशाहीनं हा मुलूख घेतला आणि शहाजीराजांना जी जहागीर मिळाली तिच्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्या जोडीला होसकोटेही होतं. म्हणजे आम्ही इथे उपरे नव्हे, असं म्हणायला जागा आहे!

मराठी तलवारींनी इथे नुसती जहागीर भोगली असंही नाही. १७६८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्या गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांची छावणी होसकोट्याजवळ पडली होती. २२ तारखेच्या रात्री हैदरअलीनं तिच्यावर छापा घातला. मुराररावांनी हुकूम सोडला की, आपल्यापैकी कुणीही घोड्यावर बसायचं नाही, जो तो आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभा राहील. अंधारात आपला कोण, परका कोण हे ओळखायची सोपी युक्ती. जो घोड्यावर दिसेल तो शत्रू! त्या गोंधळात छावणीतला एक हत्ती जखमी होऊन सुटला, सोंडेत साखळी धरून हैदरच्याच स्वारांवर तुटून पडला, आणि छापा फसला.

ही हकीकत मी लेकीला अनेकदा तिखटमीठ लावून सांगितली आहे. तेव्हा तिनं तलवार उचलली यात तिचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही.

आत काय होतं?

काच झाडून झाल्यावर मी मूठ उजेडात धरली. पात्याच्या ज्या टोकाला मूठ बसते, तिथून एक निमुळता भाग मुठीच्या आत जातो. आपण त्याला शेपूट म्हणू. सगळी तलवार या शेपटावर तोललेली असते. आमच्या तलवारीचं शेपूट पात्यातून निघालेलंच नव्हतं. पेन्सिलीएवढी एक सळई पात्याला वेल्डिंग करून चिकटवली होती आणि मुठीत लांबीसारखा काहीतरी लगदा भरून ती बसवली होती. सळई गंजून गंजून काडीएवढी उरली होती. जोडापाशीच ती तुटली.

नकली तलवारींच्या बाजारात सगळाच माल असा नसतो, हेही सांगायला हवं. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ पासून या धंद्यात आहे. युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींच्या तिच्या नकला जगभरचे हौशी लोक घेतात. चांगल्या नकलेत शेपूट पात्याच्याच पोलादातून काढलेलं, रुंद असतं. पात्याचं पोलाद बहुधा स्प्रिंगचं, म्हणजे गाडीच्या कमानपाट्याच्या जातीचं. ते थोडं वाकतं आणि परत सरळ होतं. याच्या उलट टोकाला भिंतीवरच्या शोभेचा माल. पातं स्टेनलेसचं किंवा साध्या लोखंडावर चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेलं, आणि आत सळई. बाहेरून दोन्हींत फरक दिसत नाही. उलट शोभेचीच जास्त चमकते.

जुनी घेताना मग ओळखायचं कसं? एक हात मुठीवर, दुसऱ्या हातात जाड फडकं घेऊन पात्यावर. हलकेच पिळा. मूठ आणि पातं यांच्यात केसाएवढी हालचाल झाली तरी आत काहीतरी ढिलं आहे. मुठीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारा. भरीव आवाज यावा. खुळखुळलं तर परत ठेवा. पात्याच्या आणि मुठीच्या सांध्यातून तांबूस पाणी ओघळल्याचा डाग दिसला तर तिथे आत गंज आहे हे नक्की. लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायचा सल्ला पुष्कळ जण देतात, त्यावर विसंबू नका. सुऱ्या-तलवारींचं स्टेनलेसही बहुधा चुंबकाला चिकटतं.

आमच्या तलवारीवर तो तांबूस डाग होता. मी त्याला ‘जुनेपणा’ समजत होतो!

‘वेल्ड माडबेडी सार’

सोमवारी पातं गोणपाटात गुंडाळून औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. माझी कल्पना साधी. तुटली आहे तिथे परत वेल्डिंग मारायचं, पाचशे रुपये टेकवायचे, संपलं. दुकानाच्या मालकानं तुटका जोड अंगठ्यानं घासून पाहिला आणि मान हलवली. ‘वेल्ड माडबेडी सार.’ वेल्डिंग नको.

का नको, ते त्यानं मला फरशीवर खडूनं काढून दाखवलं. स्प्रिंगचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा मंद तापवून त्याला हवा तेवढा कडकपणा आणि हवा तेवढा चिवटपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या ठिणगीनं तेवढ्याच जागी तो सगळा तोल बिघडतो. जोडाच्या लगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते, तिच्या पलीकडची मऊ. तलवार फिरवताना सगळा ताण नेमका तिथेच येतो. ‘पहिली वेल्ड तुटली, दुसरीही तुटेल. त्या वेळी घरात कोण असेल?’ त्यानं विचारलं. सोफ्याची गोष्ट मी त्याला सांगितलेली नव्हती.

मग करायचं काय? त्यानं पातं वाइसमध्ये हलकेच अडकवून हातभर वाकवलं. सोडल्यावर ते सुतासारखं सरळ झालं. तो हसला. पातं चांगलं होतं! दळभद्री होती ती फक्त आतली सळई. त्याचा उपाय असा, की पात्याचाच मुठीकडचा तीन इंच भाग दोन्ही कडांनी घासून अरुंद करायचा, म्हणजे पात्यातूनच नवं शेपूट निघेल. चौतीस इंचांची तलवार एकतीस इंचांची होईल. ‘बाल’ पक्की होईल, तो म्हणाला. कन्नडमध्ये बाल म्हणजे शेपूट. शब्द वेगळा, पण कल्पना तीच, याची मला उगाच गंमत वाटली.

तलवार आखूड करायची हे ऐकून मन जरा खट्टू झालं. नक्कल असली तरी आकार मूळ धोपेचा होता. घरी येऊन जुनी टिपणं आणि कात्रणं काढली, आणि तिथे मला धीर मिळाला.

सतराव्या-अठराव्या शतकात मराठी फौजेत ‘फिरंग’ नावाची तलवार मानाची होती. नावातच सगळं आलं. पातं फिरंग्यांचं, मूठ आपली. युरोपातली पाती समुद्रमार्गे गोव्याच्या, कोकणच्या बंदरांत उतरत, आणि इकडचे कारागीर त्यांना देशी मुठी बसवत. नागपूरकर रघूजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र सरकारनं २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली, ती याच घराण्यातली. ४७ लाख १५ हजार रुपये मोजले तिच्यासाठी. पातं युरोपातलं, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर सोन्यानं देवनागरीत रघूजींचं नाव. म्हणजे एका मुलखात बनलेलं पातं दुसऱ्या मुलखातल्या कारागिरानं आपल्या मुठीत बसवायचं, यात कमीपणा तर नाहीच, आपल्या अनेक उत्तम तलवारी जन्मल्याच तशा. पातं लांब पडलं तर आखूड करत, मूठ ढिली झाली तर काढून पुन्हा भरत. शस्त्र होतं ते, देव्हाऱ्यातला टाक नव्हे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट मध्येच सांगून टाकतो. आपल्या हातातली तलवार नक्कलच आहे ना, याची खात्री झाल्याशिवाय तिला कानस काय, पॉलिश पेपरसुद्धा लावू नका. जुन्या वाड्यातून, आजोळच्या माळ्यावरून निघालेली तलवार असली तर आधी जवळच्या वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. खऱ्या जुन्या पात्यावरचा काळपटपणा, मुठीवरची सोन्या-चांदीची तार, पाठीवरची अक्षरं अर्ध्या तासाच्या उत्साहात घासून जातात आणि मग ब्रह्मदेव आला तरी परत येत नाहीत. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. आमच्या तलवारीच्या बाबतीत त्या वेल्डिंगच्या सळईनंच जन्मदाखला दिला होता.

लाख, राळ आणि विटेची पूड

पुढचे तीन शनिवार मी त्या दुकानात काढले. मालकाचा पुतण्या ग्राइंडर चालवी, मी पाणी ओतणारा गडी. प्रत्येक दहा-बारा सेकंदांनी पातं पाण्यात. हातानं धरवणार नाही इतकं ते तापायच्या आत बुडवायचं, हा नियम. मूळ पात्यावर ओल्या चिंध्या गुंडाळलेल्या, न जाणो उष्णता तिकडे सरकली तर! शेपटाचा आकार आला की शेवटचं काम कानशीनं. तिथे मालक स्वतः बसला. पातं जिथे अरुंद होऊन शेपूट सुरू होतं तो कोपरा त्यानं काटकोनात ठेवला नाही. गोल कानशीनं त्याला बाक दिला. काटकोनी खाचेत ताण साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. कापड फाडताना आपण आधी कात्रीनं खाच मारतो, तोच प्रकार. आमच्या तलवारीच्या निम्म्या दुखण्याचं मूळ असा एक साधा कोपरा होता.

आता मूठ. युरोपीय तलवारीत शेपूट मुठीतून आरपार जाऊन खालच्या गोळ्यावर ठोकून बसवतात. आपल्याकडची रीत निराळी. आपली मूठ आतून पोकळ, शेपूट त्यात तीन-चार इंचच शिरतं, आणि उरलेल्या पोकळीत लाख, राळ आणि विटेची बारीक पूड यांचं मिश्रण तापवून ओततात. थंड झालं की दगडासारखं घट्ट. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो, त्याच्याच कुळातलं काम. यातलं शहाणपण असं, की लाख साधारण ऐंशी अंशांच्या आसपास वितळते. पुढे कधी मूठ काढावी लागली तर मूठ तापवली की पातं सुखरूप हातात. दुरुस्ती करणाऱ्याला पुन्हा दुरुस्ती करता यावी, याची सोय त्या कारागिरांनी आधीच करून ठेवली होती.

तोटाही आहेच. लाख ठिसूळ. उन्हात तापलेल्या भिंतीवर, चुलीच्या माथ्यावर टांगलेली तलवार वर्षानुवर्षांनी ढिली होते ती त्यामुळे. आमच्यात यावर बराच खल झाला. माझं मन लाखेकडे, मालकाचं एपॉक्सीकडे. शेवटी घरात तेरा वर्षांची मुलगी आहे, या एका मुद्द्यावर मी हरलो. एपॉक्सी भरलं आणि मुठीतून आरपार चार मिलिमीटरची पोलादी रिव्हेट ठोकली. रिव्हेटचं डोकं पितळेच्या रंगात मिसळत नाही, जवळून पाहिलं की दिसतं. दिसू दे. एक संपूर्ण दिवस तिला हात लावू दिला नाही. एपॉक्सी वरून तासाभरात वाळल्यासारखं वाटतं, आतून नाही.

मूठ रिकामी करताना मात्र जे निघालं, ते मला बोचलं. लगद्याच्या आत ओलसर, काळी-तांबडी चिकट माती आणि तिला चक्क चिंचेचा वास!

दर दसऱ्याला तलवार उतरवायची, पितळी मूठ चिंचेनं लखलखीत घासायची, नळाखाली धरायची, पुसायची आणि हळदीकुंकू वाहून पुन्हा टांगायची. आधीच्या घरात हेच होत होतं, आमच्या घरात मी स्वतः दोन दसरे तेच केलं. ते आंबट पाणी दरवेळी सांध्यातून आत उतरलं. पितळ आणि लोखंड एकमेकांना लागून असले आणि मध्ये ओल शिरली, की लोखंड एरवीपेक्षा झपाट्यानं गंजतं, पितळ मात्र शाबूत. बाहेर मूठ दरवर्षी जास्त चमकत गेली आणि आत सळई दरवर्षी बारीक होत गेली. बारा दसऱ्यांच्या भक्तीनं ती तलवार आतून खाल्ली होती.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग पूजा करायचीच नाही का?’ तसं कोण म्हणतंय!

पूजा करा, पण...

आता आमच्याकडे खंडेनवमीला तलवार पाटावर येते. कर्नाटकात त्या दिवशी आयुधपूजा. आमच्या रस्त्यावरचे सगळे कारखाने झेंडूनं मढतात, यंत्रांसमोर कुंकू भरलेला कोहळा फुटतो. आम्ही पात्याला आधी पातळ तेलाचा हात फिरवतो. गंध-कुंकवाचं बोट लावायचं ते मुठीजवळ, कोरडं. लिंबू कापायचं ते पाटाखाली, पात्यावर नाही. फुलं शेजारी ताम्हनात. ओल्या फुलांच्या देठांखाली रात्रभरात पोलादावर जो काळा ठिपका पडतो, तो नंतर बोट दुखेस्तोवर घासावा लागतो. आरती झाली की त्याच संध्याकाळी कोरड्या सुती फडक्यानं पुसून पुन्हा तेल. पितळ उजळायचंच असेल तर पितांबरीसारखी पावडर बोटभर ओल्या कापडावर घेऊन, सांध्यापासून अर्धा इंच दूर राहून. नळाखाली कधीही नाही.

पात्यावरचा जुना गंज काढायला घाई नको. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर शिलाई मशीनचं तेल लावून पातं रात्रभर ठेवायचं. सकाळी अगदी बारीक स्टील वूलनं पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासायचं. आडवं किंवा गोल गोल घासलं की ओरखडे चांदण्यासारखे चमकतात आणि जन्मभर दिसतात. खोल डागांसाठी चारशे नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, मग सहाशे, मग हजार. नुसत्या बोटांनी घासलं तर पात्यावर खळगे पडतात. तरी काही टिंबं राहतीलच. राहू द्या. माझ्याकडच्या क्रोमच्या एका कट्यारीवर मी हाच प्रयोग केला आणि मुलामा सोलून ती महारोगी दिसायला लागली. क्रोम उडालेलं असलं तर घासू नये, तेल लावून गप्प बसावं.

तेल कुठलं? खोबरेल हाताशी असतं म्हणून लोक तेच लावतात. ते खवट होतं, धूळ धरतं. जवसाचं तेल तर वाळून चिकट पापुद्रा होतो. खनिज तेल बरं. मशीनचं पातळ तेल दोन थेंब, तेही पुसून टाकायचं, निथळत ठेवायचं नाही. वर्षभर हात न लावता तलवार नुसती टांगायची असेल तर मेणाचा पातळ हात चांगला. ब्रिटिश म्युझियममधल्या प्रयोगशाळेत तयार झालेलं ‘रेनेसान्स वॅक्स’ जगभरच्या संग्रहालयांत वापरतात, आपल्याकडेही मागवता येतं, पण डबी महाग. आणि पात्याला उघड्या बोटांचा स्पर्श टाळा. घामातलं मीठ चार दिवसांत बोटाचा ठसा जसाच्या तसा उमटवतं. आमच्या पात्यावर पाहुण्यांचे असे कितीतरी ठसे होते. पोलिसांना उपयोग झाला असता!

सगळ्यात जास्त वाद होतो तो म्यानावरून. म्यान ही तलवारीची जागा, असं आपल्या भाषेनंच आपल्याला शिकवलं आहे. पण कातड्याचं आणि मखमल चढवलेलं लाकडी म्यान, दोन्ही पावसाळ्यातली दमट हवा शोषून घेतात आणि पात्याला बिलगून बसतात. बंगळुरूची हवा मुंबईसारखी खारट नाही, तरी जून ते ऑक्टोबर म्यानात राहिलेलं पातं मी स्वतः तांबडं झालेलं पाहिलं आहे. आता म्यान एका खुंटीवर, तलवार दुसऱ्या दोन खुंट्यांवर. मिरवायचं असेल त्या दिवशी दोघांची भेट.

धार लावायची का?

काम पूर्ण झालं त्या दिवशी ग्राइंडरवाल्या पुतण्यानं उत्साहानं विचारलं, धार काढून देऊ का? दहा मिनिटांचं काम. मी नको म्हटलं, आणि त्याला दोन कारणं. पहिलं घरातलं, ते सांगायची गरज नाही. दुसरं कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून खेळण्यापलीकडे कशालाही उपयोगी नसलेली आणि कामाच्या शस्त्रात बदलता न येणारी वस्तू वगळलेली आहे. पण तलवार मात्र धारदार शस्त्रांच्या यादीत नावानिशी आहे. सरकारनं ज्या भागात तशी अधिसूचना काढली असेल तिथे ती बाळगायला परवाना लागतो. स्प्रिंगच्या पोलादाचं पक्कं पातं धार नसली तरी खेळणं ठरेलच असं धरून चालू नये. शिवाय सण-मिरवणुकांच्या काळात पोलिसांचे मनाई आदेश निघतात, त्यात शस्त्रं घेऊन फिरायला बंदी असते. तेव्हा आपल्या भागात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात आधी विचारावं, आणि तलवार एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची वेळ आली तर गुंडाळून, बांधून, बिलासकट न्यावी. जुनी घेताना दोन ओळींची पावती मागायला लाजू नये.

चाचणी मी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर घेतली. आसपास चाळीस पावलांत कुणी नाही अशी जागा. आधी हळू, मग जोरात, वीस-वीस हात. दर वीस हातांनंतर मुठीला टिचकी. आवाज बदलला नाही. तीन इंच कमी झाल्यानं तोल मुठीकडे सरकला होता, मनगटाला ती पूर्वीपेक्षा हलकी वाटत होती. लेक लांब उभी राहून मोजत होती. तिला मी त्या दिवशी तलवार दिली नाही.

मंडळात आमचा किस्सा पोचलाच होता. मिरवणुकीत मुलांच्या हाती खऱ्या पात्याची एकही तलवार द्यायची नाही, मग ती बोथट असो की नकली, असं तिथे ठरलं. पथकासाठी सुतारानं सागवानी तलवारी करून दिल्या. लेकीनं दोन दिवस गाल फुगवले. मग आपल्या लाकडी तलवारीची मूठ पिळून पाहिली, टिचकी मारली, कानाशी धरून ऐकलं, आणि पथकातल्या बाकीच्या अकराजणींच्याही तलवारी एकेक करून तशाच तपासल्या. त्यातली एक तिनं सुताराकडे परत पाठवली.

आई आता सोफ्यावर बसते. मात्र तलवारीच्या बाजूच्या नव्हे, दुसऱ्या टोकाला.